दोन रांगांमधली बाई



या वेळी ज्या दुखण्याविषयी लिहायचं ठरवलं आहे, त्याला बायकांच्या बोलीत नावांची वानवा नाही. कुणी म्हणते ‘उन्हाळी लागली’, कुणी म्हणते ‘तिथं आग होते’, कुणी ‘अंगावरून जातं’, कुणी ‘धुपणी’. अगदी जवळचं कुणी भेटलं, दार लोटलेलं असलं, की आवाज खाली आणून ‘खाज’ हा शब्द उच्चारला जातो. एवढी नावं असूनही केसपेपरवर यातलं एकही उतरत नाही. तिथं लिहिलेलं असतं ‘अशक्तपणा’, ‘अंगदुखी’, ‘चक्कर’. बाईचं दुखणं एक असतं आणि ती सांगते दुसरंच. आणि जे सांगितलं तेवढ्यावरच तिची बोळवण होते.

वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करताना बायकांबरोबर दवाखान्यात जाणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तिथं मी वर्षानुवर्षं दोन रांगा बघते. एक रांग ‘शुगर-बीपी’ची. त्या रांगेत बोटाला सुई टोचून रक्त तपासतात, महिन्याच्या गोळ्या देतात, ‘भात कमी, साखर बंद, रोज चालायला जा’ असं सांगतात. पण ‘बाई, लघवीला जळजळतं का? खाली खाज येते का?’ हे तिथं सहसा कुणी विचारत नाही. दुसरी रांग बायकांच्या तक्रारींची. तिथं ‘पांढरं जातं’ म्हटलं की गोळ्यांचं पाकीट हातात पडतं. पण बोटातलं थेंबभर रक्त घेऊन साखर बघावी, हे तिथं कुणाला सुचत नाही. दोन रांगांमधलं अंतर असतं वीस पावलांचं. बाई मात्र एकच आहे, आणि पुष्कळदा तिचं दुखणंही एकच आहे.

मधुमेह असलेल्या बाईला लघवीच्या मार्गात आणि योनीमार्गात होणारा बुरशीचा संसर्ग हा या अंकाचा विषय आहे. कुणाला वाटेल, हा डॉक्टरांचा विषय, तो संघटनेच्या अंकात कशाला? तेच सांगण्यासाठी हे संपादकीय.

आधी, हा प्रश्न किती जणींचा आहे ते पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के भरतं. सगळ्यांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे वीसजणींचा बचत गट धरला, तर सरासरीने त्यातल्या दोघींना तरी साखर असणार, आणि त्यांतल्या एखादीला ते ठाऊकही नसणार. मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा आजार, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. चहा-पाव खाऊन चार घरची भांडी घासणाऱ्या बाईलाही तो गाठतो, आणि तिच्याकडे तो उशिरा कळतो.

आता शरीरात काय घडतं ते साध्या भाषेत समजून घेऊ, कारण समजलं की निम्मी भीती जाते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर चढली की मूत्रपिंडांना ती पुरती अडवता येत नाही आणि ती लघवीत उतरते. पूर्वी म्हाताऱ्या बायका ‘लघवीला मुंग्या लागतात’ असं सांगायच्या, ते याच कारणानं. कॅन्डिडा नावाची एक बुरशी आपल्या आतड्यात, त्वचेवर, योनीत थोड्या प्रमाणात एरवीही असते आणि मुकाट राहते. साखर, ऊब आणि ओलावा मिळाला की ती फोफावते. त्याच वेळी वाढलेल्या साखरेमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संसर्गाशी लढण्याची ताकद मंदावलेली असते. मग दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा स्राव, लाली, सूज, कातडीला चिरा आणि झोप उडवणारी खाज सुरू होते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा. बाहेरची बुरशी त्यातून लघवीच्या पिशवीपर्यंत पोचू शकते. मधुमेह जुना झाला की त्या पिशवीच्या नसाही बधिर होतात. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, आत शिळी लघवी उरते, आणि ती उरली आहे हेही बाईला जाणवत नाही.

लघवीचे बहुतेक संसर्ग जिवाणूंमुळे होतात, बुरशीमुळे त्यामानानं कमी. हे नीट लक्षात ठेवायला हवं. पण मधुमेह, वारंवार घेतलेली अँटिबायोटिकं आणि लघवीची नळी या तीन गोष्टी जिथं असतात तिथं बुरशीची शक्यता वाढते. यातली अँटिबायोटिकांची गोष्ट आपल्या वस्त्यांत रोजची आहे. उन्हाळी लागली की घरात पहिल्यांदा धने-जिऱ्याचं पाणी होतं, त्यात खडीसाखर पडते. ज्या बाईला साखरेनंच हा त्रास होतो आहे, तिला आपण प्रेमानं साखरच पाजतो. दोन दिवसांत उतार पडला नाही की मेडिकलवाला तीन दिवसांच्या गोळ्या देतो. या गोळ्या जिवाणू मारतात. बुरशीला त्यांनी काही होत नाही. उलट योनीतले जे चांगले जिवाणू बुरशीला आवर घालत असतात तेच मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. बाई पुन्हा मेडिकलच्या दारात उभी राहते. या वेळी तिला जास्त जोराच्या गोळ्या मिळतात.

आमच्या कामातली एक बाई आठवते. पन्नाशीच्या आसपासची, चार घरी कामाला जाणारी, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, नवरा वारून नऊ. वर्षभरात तिनं तीनदा अशा गोळ्या घेतल्या होत्या. खाजवून कातडी सोलवटली होती. चालताना मांड्या फाकवून चालावं लागे, म्हणून कामावरच्या बायका विचारू लागल्या. घरी सुनेनं तिचा साबण आणि कपड्यांची बादली वेगळी केली आणि एक दिवस तोंडावर विचारलं, ‘नवरा नसताना हे कुठून आणलंत?’ हा प्रश्न ऐकून त्या बाईनं दवाखान्याचं नाव घेणंच सोडलं. दुखणं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं तिला वाटू लागलं. शेवटी एका शिबिरात तिची साखर तपासली, ती ३४२ निघाली. लघवीच्या तपासणीत बुरशी सापडली. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध दोन आठवडे दिलं, आणि दीड महिन्यात ती सरळ चालू लागली. सुनेनं बादली परत एकत्र केली. पण त्या वर्षभरात तिनं जे ऐकलं ते तिच्या मनातून कुठल्या औषधानं जाणार?

वैद्यकशास्त्र तर या प्रश्नाचं उत्तर उलटच देतं. पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि एरवी बुरशीचा त्रासही कमी होतो. त्यामुळे या वयातल्या बाईला बुरशीची खाज सुटली, तर पहिली शंका साखरेची घ्यायची असते. आपला समाज पहिली शंका चारित्र्याची घेतो.

दुसरी गोष्ट एका तरुण मुलीची. लग्नाला चार वर्षं झालेली. नवऱ्याला लिंगाच्या टोकाला खाज, कातडीला चिरा. त्यानं ठरवलं की हे बायकोकडूनच आलं. तिला माहेरी पाठवलं. ती आमच्याकडे आली ती नांदायला जायचं की नाही हा प्रश्न घेऊन. आम्ही दोघांच्या तपासण्यांचा आग्रह धरला. तिला काहीही नव्हतं. साखर नवऱ्याची निघाली, तिशीच्या आतच. पुरुषालाही साखर वाढली की त्या जागी बुरशी होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बुरशीचा हा संसर्ग लैंगिक आजारांत मोडत नाही. शरीरसंबंध न आलेल्या मुलीलाही तो होऊ शकतो. हे एवढं वाक्य जरी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलं असतं, तरी ती मुलगी सहा महिने माहेरच्या ओसरीवर मान खाली घालून बसली नसती.

हा प्रश्न संघटनेचा आहे तो इथं. शरीराच्या एका जागेला आपल्याकडे लाजेचं कुलूप आहे, आणि किल्ली बाईकडे नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता आजार होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी वा उपचार झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. त्या आकड्यांनी सरकारला आणि जगाला सांगितलं की बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे. चळवळीनं शरीर-ओळखीच्या कार्यशाळा घेतल्या, गर्भलिंगचाचणीविरोधी कायदा १९८८ साली महाराष्ट्रात सगळ्यांत आधी करून घेतला, घातक संततिप्रतिबंधक इंजेक्शनांविरुद्ध कोर्टात लढा दिला. त्या सगळ्या लढ्यांच्या केंद्रस्थानी गर्भाशय होतं, आणि ते योग्यच होतं. आज त्याच बायका चाळिशी-पन्नाशी ओलांडून साखरेच्या रांगेत उभ्या आहेत. बाई मूल होण्याच्या वयातून बाहेर पडली की आरोग्यव्यवस्थेच्या लेखी तिला कंबरेखालचं शरीर उरत नाही. मग उरते ती फक्त ‘डायबेटिस पेशंट’.

आणि ज्यांना उरतं, त्यांच्या वाट्याला काय येतं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत: मुकादमाचा दंड, पाळीतही न मिळणारी सुटी, खासगी दवाखान्यांचा धंदा. पण पांढरं पाणी जातं, ओटीपोटात दुखतं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं, हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी कानांनी ऐकलं आहे. पिशवी काढल्यानं बुरशी जात नाही. साखर तर जातच नाही. ज्या बाईची तक्रार एका थेंब रक्ताच्या तपासणीनं आणि थोड्या दिवसांच्या औषधानं मिटली असती, तिला कर्ज काढून ऑपरेशन करावं लागतं आणि खाज तिथंच राहते.

आता औषधांविषयी, कारण इथं एक नवी गोष्ट घडते आहे आणि ती बायकांपर्यंत पोचलेली नाही. मधुमेहाची काही औषधं मुद्दाम साखर लघवीतून बाहेर टाकतात. त्यांची नावं ‘ग्लिफ्लोझिन’नं संपतात: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. हृदय आणि मूत्रपिंडं वाचवण्यासाठी ही औषधं खरोखरच मोलाची आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ साली संपलं. अनेक कंपन्या ती बनवू लागल्या, किमती उतरल्या, आणि गरीब बायकांच्या चिठ्ठीवरही ती येऊ लागली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण लघवीत साखर राहिल्यामुळे जननेंद्रियांच्या बुरशीसंसर्गाचं प्रमाण या औषधांनी वाढतं. स्त्रियांमध्ये ते सुमारे तीन-चार पट होतं. हा त्रास बहुधा सौम्य असतो आणि साध्या औषधानं बरा होतो. प्रश्न एवढाच की गोळी लिहून देताना हे सांगितलं जातं का? बाईला सांगितलेलं नसलं की ती खाजेला घाबरते, लाजते, आणि कुणाला न विचारता गोळीच बंद करते. साखर पुन्हा चढते. डॉक्टर म्हणतात, ‘या बायका औषधं नीट घेत नाहीत.’

दुसरी काळजी फ्लुकोनॅझोलची. बुरशीवरची ही गोळी मेडिकलमध्ये सहज मिळते, आणि पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर सरकारी दवाखान्यात जे हिरवं पाकीट दिलं जातं त्यातही ती असते. औषध चांगलं आहे. पण ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड यांसारख्या साखरेच्या गोळ्यांबरोबर ते घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी. म्हणून चिठ्ठी देणाऱ्याला ‘मला साखर आहे, या गोळ्या चालू आहेत’ हे सांगितलंच पाहिजे. गरोदर बाईनं ही गोळी परस्पर कधीही घेऊ नये. तिच्यासाठी योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम हा मार्ग आहे, तोही डॉक्टरांना विचारून.

लघवीचा रिपोर्ट हातात आला की तो आपणही वाचायला शिकू या. त्यात ‘पस सेल्स’ आणि साखर यांच्याखाली कधी ‘यीस्ट सेल्स’ असं लिहिलेलं असतं. यीस्ट म्हणजे बुरशी. बाईच्या बाबतीत ही बुरशी खरोखर लघवीतली आहे की योनीतल्या स्रावातून बाटलीत मिसळली आहे, हे आधी पाहावं लागतं. त्यासाठी जागा साध्या पाण्यानं धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत घ्यायची. बाईच्या हातात बाटली देऊन नुसतं ‘जा, घेऊन या’ म्हणणाऱ्या दवाखान्यात हे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि पुष्कळदा संडासात पाणीही नसतं. आणखी एक: लघवीत बुरशी दिसली पण बाईला काहीच त्रास नाही, तर बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. घरातल्या म्हातारीला लघवीची नळी लावलेली असेल, तर नळी काढणं हाच पहिला उपाय. गरज संपल्यावर केवळ सोयीसाठी ती आठवडेन्‌आठवडे ठेवू नये. पण थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवी कमी होणं यांतलं काहीही दिसलं तर ती उन्हाळी नव्हे. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, आणि मधुमेहात तो फार लवकर जिवावर बेततो. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.

यावर नेहमीचा सल्ला तयार असतो: स्वच्छता ठेवा, भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका. सल्ला खोटा नाही. पण तो कुणाला दिला जातो आहे? ज्या घरात बाई सकाळपासून भांडी घासते, त्या घरचा संडास तिला वापरू दिला जात नाही. शेतमजूर बाई आडोसा शोधत बांधाच्या कडेनं फिरते. रस्त्यावर भाजी विकणारी सकाळी एक पेला चहा घेते आणि दुपारपर्यंत पाण्याला शिवत नाही, कारण जायचं कुठं? मुंबईत २०११ सालापासून ‘राइट टू पी’ हे आंदोलन चाललं, ते याच साध्या गोष्टीसाठी: पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हा अन्याय थांबावा म्हणून. साखर असलेल्या बाईला तर लघवी जास्त वेळा होते. तिला तहान लागते आणि ती तहान मारते. तिला जायचं असतं आणि ती थांबते. मग आपण तिला सांगतो की बाई, स्वच्छता ठेव. आतली कापडं ती लुगड्याखाली, अंधारात वाळत घालते, कारण उन्हात घातली तर घरातले पुरुष बघतील. उन्हात वाळवलेलं कोरडं सुती कापड हा या दुखण्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. त्याच्या आड काय उभं आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आणि कृपा करून, खाजेवर जंतुनाशकाचं पाणी, चुना, तुरटी, मिरवणुकीसारखी येणारी सुगंधी औषधं आत वापरू नका. साधं पाणी पुरे.

तर आपण करायचं काय? माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की दोन रांगांमधली भिंत पाडायची, आणि त्यासाठी मोठं आंदोलन उभं राहायची वाट पाहायची नाही.

पहिली मागणी बायकांच्या ओपीडीकडे. ज्या बाईला खाज, पांढरा स्राव किंवा लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होते, वर्षात तीनदा झाली किंवा पाळी गेल्यावर झाली, तिची रक्तातली साखर त्याच दिवशी, त्याच जागी तपासलीच पाहिजे. सुईचा एक टोचा, एक पट्टी. उपाशीपोटी १२६ च्या वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ किंवा जास्त आली, तर मधुमेहाचं निदान पक्कं करून उपचार सुरू करायचे.

दुसरी मागणी शुगरच्या रांगेकडे. प्रत्येक बाईला दर खेपेला तीन प्रश्न विचारले जावेत: लघवीला जळजळतं का, खाली खाज येते का, लघवी पुरती होते का. हे प्रश्न बाईनं विचारावेत, आणि शंभर माणसांसमोर नव्हे. एक पडदा आणि एक स्टूल एवढी सोय कुठल्याही दवाखान्याला परवडते. ‘ग्लिफ्लोझिन’ लिहून देताना त्याच पडद्याआड ‘असं होऊ शकतं, झालं तर या, गोळी सोडू नका’ हे सांगितलं जावं.

तिसरी गोष्ट आपल्या आशाताईंची. तिशीवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी-फॉर्म त्या घरोघरी भरतात, त्यात बायकांसाठी दुर्गंधीयुक्त स्रावाचा प्रश्न आहे. त्याला जोडूनच खाजेचा आणि जळजळीचा प्रश्न तोंडी विचारायला आपण त्यांना सांगू या. त्या आपल्याच वस्तीतल्या आहेत. त्यांना मानधन वेळेवर मिळावं म्हणून आपण त्यांच्या मोर्चात चालतो, तर हेही त्यांच्याशी बोलू शकतो.

चौथी गोष्ट हक्काची. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतल्या तपासण्या आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये घेतला. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघता येते, त्याला मोठं यंत्र लागत नाही. ‘इथं होत नाही, बाहेरून करून आणा’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा. चार गावच्या चार लेखी उत्तरांचं एक निवेदन होतं.

आणि पाचवी गोष्ट कुणाकडे मागायची नाही, ती आपणच करायची. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. सुरुवातीला कुणी बोलणार नाही. कुणीतरी पदर तोंडाला लावून हसेल. मग एखादी म्हातारी म्हणेल, ‘माझ्या सासूला मुंग्या लागायच्या.’ तिथून बोलणं सुरू होईल. साखर मोजायचं यंत्र आता बहुतेक उपकेंद्रांत असतं. त्या दिवशी नर्सताईंना बैठकीला बोलवा. ज्या घरात एखाद्या बाईवर या दुखण्यावरून संशय घेतला जातो आहे, तिथं तिच्याबरोबर आणखी दोघींनी जा, आणि नवऱ्याचीही साखर तपासायला सांगा. मारहाणीच्या घरात आपण जशा दोघी-तिघी मिळून जातो, तशाच. कारण अंथरुणावरून उठवलेल्या, बादली वेगळी केलेल्या, माहेरी धाडलेल्या बाईवर होतो तोही हिंसाचारच आहे. फक्त त्याच्या खुणा पोलिसांना दाखवता येत नाहीत.

या अंकात लघवीचा नमुना कसा द्यावा याची चित्रं आणि कोणत्या तपासणीचा काय अर्थ याचा तक्ता दिला आहे. ती पानं फाडून भिंतीवर लावा. अंक जपून ठेवण्यासाठी काढलेला नाही.